मुंबईतल्या बोअरच्या नोंदी एका जागी आणा : राज्य भूवैज्ञानिक कार्यक्रम मंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
राज्य भूवैज्ञानिक कार्यक्रम मंडळ, महाराष्ट्र

विषय : मुंबईत सार्वजनिक पैशातून होणाऱ्या बोअरिंगच्या नोंदी केंद्र व राज्य यांच्या सामायिक संग्रहात जमा करण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

मी गेली २९ वर्षे मुंबई आणि ठाणे परिसरात बोअरिंगच्या यंत्राशेजारी, म्हणजे रिगशेजारी, उभा राहून जमिनीतून निघालेला दगड पाहतो, मोजतो आणि त्याची नोंद लिहितो. हे काम कधी पुलाच्या खांबासाठी असते, कधी मलवाहिनीसाठी, कधी बोगद्यासाठी, तर कधी इमारतीच्या पायासाठी. आपल्या मंडळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय हे दोघेही एकत्र बसतात आणि येत्या वर्षी कोणते सर्वेक्षण कोणी हाती घ्यायचे यावर विचार करतात. म्हणून हे पत्र दोघांपैकी एकाला न लिहिता मंडळाला लिहीत आहे. मागणी एकच आहे. मुंबईत केंद्राच्या, राज्याच्या किंवा महापालिकेच्या पैशातून जे जे बोअर होते, म्हणजे खालची जमीन तपासण्यासाठी जे भोक पाडले जाते, त्याची नोंद केंद्र आणि राज्य यांच्या सामायिक संग्रहात जमा झालीच पाहिजे, आणि त्या नोंदींच्या आधारे या शहराचा, त्यातही आधी त्याच्या डोंगरउतारांचा, बारकाईचा भूवैज्ञानिक नकाशा दोघांनी मिळून करावा.

ही नोंद म्हणजे नेमके काय, ते आधी सांगतो, कारण मागणीचे सारे वजन तिच्यावर आहे. रिगचा डायमंड बिट, म्हणजे हिऱ्याचे कण लावलेले कापणारे टोक, पाण्याच्या धारेत फिरत खाली जातो आणि साधारण दीड मीटर खोली झाली की ड्रिलर नळी वर काढून तिच्यातला दगड हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पन्हाळीत ओततो. हाच कोअर. तो ५४ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे मुठीत जेमतेम मावेल एवढा. मीटर-मीटरचे कप्पे असलेल्या लाकडी पेटीत तो ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडायचा, कप्प्याच्या कडेला रंगाने खोली लिहायची आणि जिथे दगड निघालाच नाही तिथे तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा. त्यानंतर माझे काम सुरू होते. वरचा भराव किती, त्याखाली चिखल किती, मुरूम कुठे संपला, मांजऱ्या (मुरूम आणि पक्का दगड यांच्यामधला मऊ दगड) कुठे लागला, पक्का काळा दगड किती खोलीवर आला, भेगा कोणत्या कोनात आहेत, भेगांमध्ये माती भरली आहे की नुसता गंज आहे, हे सगळे मी लिहितो. दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करून दगड किती एकसंध आहे त्याची टक्केवारी काढतो. बिटला फेकलेले पाणी परत येईनासे झाले तर तेही लिहितो, कारण याचा अर्थ खाली पोकळी किंवा मोठी भेग आहे. पुढे इमारत किंवा पूल ज्या पायावर उभा राहतो, त्या पायाखाली काय आहे हे सांगणारा हा एकच कागद असतो.

मुंबईत या कागदाची किंमत इतर शहरांपेक्षा अधिक आहे, कारण इथला दगड एकसारखा नाही. बाहेरच्या माणसाला वाटते की मुंबई म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, कुठेही खोदा, तोच लागेल. प्रत्यक्षात मलबार हिल ते वरळी या कण्यावर बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण, आहे, पण त्याच्या आगेमागे पाण्यात गाळ साचून झालेल्या शेल या दगडाचे थर आहेत. शीवच्या किल्ल्याच्या टेकडीत हिरवट टफ आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड. कान्हेरीची लेणी ब्रेशियात, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचे तुकडे जुळून झालेल्या खडकात, कोरलेली आहेत. मालाडच्या पिवळसर दगडाने दक्षिण मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारती बांधल्या, मढ आणि मनोरीकडे ऱ्हायोलाइट हा फिकट रंगाचा ज्वालामुखीचा दगड उघडा पडला आहे, आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल तर सुमारे ६० मीटर उंचीच्या उभ्या बेसॉल्ट स्तंभांची आहे. हे सारे थर मोठ्या प्रमाणात पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे कललेले आहेत. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून जी जमीन झाली तिच्याखाली सागरी चिखल आहे, आणि त्याची जाडी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाईपर्यंत बदलते.

यातला टफ आणि शेल फसवा आहे. पेटीत ठेवताना तो चांगला सलग, कांडीसारखा दिसतो आणि नवा इंजिनिअर त्याला 'पक्का दगड' म्हणून मोकळा होतो. नव्या मुलांना शिकवायचे असते तेव्हा मी त्या कोअरचा वीतभर तुकडा संध्याकाळी पाण्याच्या बादलीत ठेवतो. सकाळी बादलीच्या तळाशी हिरवा गाळ असतो आणि बोटांना तुकडा म्हणून काही लागत नाही. हाच दगड उन्हाळ्यात टेकडीच्या पोटात कोरडा असताना घरांच्या अनेक रांगा अंगावर पेलतो, आणि जुलैत सलग तीन दिवस पाऊस झाला की त्याचे काय होते हे त्या बादलीने सांगितलेले असते.

जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या उतारावरची वस्ती दरडीखाली गेली आणि ६० हून अधिक माणसे दगावली. १८ जुलै २०२१ च्या पावसात चेंबूरच्या वाशी नाक्याजवळचे भारतनगर आणि विक्रोळीचे सूर्यनगर या दोन्ही ठिकाणी घरे गाडली गेली. ऑगस्ट २०२० मध्ये मलबार हिलचा उतार रस्त्यावर आला तेव्हा सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मुंबईबाहेर माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी ही नावे मंडळासमोर नव्याने मांडण्याची गरज नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीणमध्ये १५१ माणसे गेली, २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ८० हून अधिक, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, हे तेव्हा विधिमंडळातच सांगण्यात आले.

यादीत नाव का नव्हते, या प्रश्नाचे एक उत्तर नकाशाच्या प्रमाणात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण हे २००४ पासून दरडींच्या अभ्यासाची देशातली प्रमुख संस्था आहे. २०१४ पासून तिने देशभरातल्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे एकास ५० हजार या प्रमाणात केले आणि 'भूकोश' संकेतस्थळावर सर्वांना खुले केले. हे काम प्रचंड आहे आणि ते मी रोज वापरतो, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या प्रमाणात ५०० मीटर जमीन कागदावर एक सेंटिमीटर होते. भांडुप किंवा घाटकोपरचा एखादा उतार पायथ्यापासून माथ्यापर्यंत ५० मीटरचा असेल तर तो नकाशावर एक मिलिमीटर भरतो, म्हणजे बॉलपेनच्या एका रेघेएवढा. त्या रेघेच्या जाडीत दीडदोनशे घरे, एक संरक्षक भिंत, एक नाला आणि टफचा एक थर कसा दाखवायचा? एवढ्या बारकाईसाठी एकास ५ हजारचा नकाशा लागतो, आणि तो डोळ्यांनी दिसणाऱ्या दगडावरून पुरा होत नाही. मुंबईत दगड दिसतोच कुठे? त्याच्यावर डांबर आहे, काँक्रीट आहे, झोपड्या आहेत. खालचे समजायचे तर बोअरच हवेत.

ते बोअर झालेले आहेत. हजारोंनी झाले आहेत आणि आजही होत आहेत. माझी सारी तळमळ याच एका गोष्टीसाठी आहे.

मेट्रो तीनचा ३३.५ किलोमीटरचा मार्ग जवळजवळ सगळा जमिनीखालून गेला आहे. किनारी रस्त्यासाठी 'मावळा' यंत्राने मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढले. बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून शिळफाट्याकडे जातो आणि त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाणे खाडीच्या तळाखालून आहे. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा बोगदा, ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्हचा बोगदा, शिवाय पालिकेचे पाण्याचे बोगदे. यातले प्रत्येक काम बोअरच्या अभ्यासानेच सुरू होते. या सगळ्या रेषा एका कागदावर काढल्या तर मुंबई बेटापासून मुलुंड-बोरिवलीपर्यंतच्या जमिनीचे उभे-आडवे छेद मिळतात, असा योग देशातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल. पण या सर्व नोंदी एकत्र पाहता येतील असे एकही सार्वजनिक ठिकाण २९ वर्षांत माझ्या पाहण्यात आलेले नाही. प्रत्येक अहवाल ज्याने पैसे दिले त्याच्या कपाटात जातो, काम पुरे झाले की कपाटातून गोदामात जातो, आणि त्यानंतर तो शोधायला कोणी जात नाही.

मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनमध्ये केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे. बुलेट ट्रेनच्या कंपनीतही केंद्राबरोबर महाराष्ट्राचा आणि गुजरातचा हिस्सा आहे. म्हणजे या शहराची जमीन खोदण्यासाठी केंद्र आणि राज्य यांच्यात करार होऊ शकतो, भांडवल वाटून घेता येते, संचालक मंडळावर एकत्र बसता येते. मग खोदताना जे समजले ते सांभाळण्यासाठी असाच करार का होऊ नये, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

एक अनुभव सांगतो. पूर्व उपनगरातल्या एका रस्त्यावर पंधरा वर्षांच्या अवधीत मी तीन वेगवेगळ्या यंत्रणांसाठी काम केले. पहिल्यांदा मलवाहिनी होती. साधारण ११ मीटर खोलीवर दोन बेसॉल्टच्या मध्ये तांबड्या मातीचा अर्ध्या मीटरहून जाड थर मला लागला, आणि नोंदीत मी तो अधोरेखित केला. काही वर्षांनी त्याच रस्त्यावर उड्डाणपुलासाठी बोअर घ्यायचे ठरले. मी जुन्या नोंदीचा उल्लेख केला, तेव्हा ती दुसऱ्या यंत्रणेची आहे, आपल्याला तिचा आधार घेता येणार नाही, असे उत्तर मिळाले. नवे बोअर झाले आणि तोच थर पुन्हा निघाला. तिसऱ्या खेपेस बोअर दूरदूर घेतले गेले आणि मधला भाग तपासायचा राहिला. पायाचे खोदकाम सुरू झाल्यावर तो थर उघडा पडला, पाणी आत आले, आराखडा बदलावा लागला आणि काम चार महिने थांबले. त्या चार महिन्यांत लोकांनी अर्ध्या रस्त्यावरून गाड्या हाकल्या. पहिल्या नोंदीची एक प्रत खुली असती, तर तिसऱ्या ठेकेदाराला पहिल्याच दिवशी कळले असते की इथे ११ मीटरवर जपून राहायचे आहे. पैसा तिन्ही वेळा जनतेचाच होता.

पहिल्या कामाच्या कोअरच्या पेट्या मी पुढे एकदा शोधायला गेलो. ज्या गोदामात त्या होत्या तिथल्या पेट्यांच्या फळ्या सुरक्षारक्षकाच्या खोलीला लागल्या होत्या आणि दगड फाटकाजवळचा खड्डा भरायला वापरला होता. कोअर कसे नोंदवायचे आणि कसे साठवायचे याबद्दल भारतीय मानक ४०७८ अस्तित्वात आहे, पण काम संपल्यावर पेट्या कोणाच्या, याचे उत्तर मी वाचलेल्या बहुतेक निविदांमध्ये नव्हते.

दुसरा अनुभव लिहिताना आजही हात जड होतो. एका टेकडीच्या माथ्यावर बांधकामासाठी बोअर घेत होतो. पायथ्याला जुन्या दगडखाणीचा उभा कडा होता आणि कड्याखाली वस्ती. आमच्यासाठी पाण्याची कळशी वर आणून देणाऱ्या एका बाईंनी मला विचारले, "दादा, तुम्ही आमच्या डोंगराला भोक पाडलंत, आत काय निघालं ते आम्हाला कोण सांगणार?" आत टफ निघाला होता, कड्याच्या दिशेने कललेला, आणि त्याच्यावरच्या बेसॉल्टला उभ्या भेगा होत्या. करारात गोपनीयतेची अट होती. अहवालात मी धोका स्पष्ट लिहिला, पण तो अहवाल ज्याच्यासाठी होता त्याला माथ्यावरच्या इमारतीशी मतलब होता. पायथ्याची वस्ती त्याच्या हद्दीबाहेर होती. त्या बाईंना मी एवढेच म्हणालो की पावसात कड्याखाली झोपू नका, मावशी. पुढच्या पावसाळ्यात कड्याचा तुकडा आणि संरक्षक भिंत खाली आली. दुपारीच भिंतीला भेगा दिसल्यामुळे माणसांना शेजारच्या शाळेत हलवले होते, म्हणून फक्त घरे गेली. भिंत बांधणाऱ्या यंत्रणेने आपल्या परीने भिंत बांधली होती. तिच्यामागे टफ आहे, त्यातून पाणी झिरपणार आहे आणि भिंतीला पाणी जायला पुरेशी छिद्रे हवीत, हे शंभर मीटरवर झालेल्या बोअरमध्ये लिहिलेले होते, आणि ते तिच्यापर्यंत पोचण्याचा मार्गच नव्हता.

आपली राज्यघटना पाहिली तर हा प्रश्न दोन घरांच्या मधल्या भिंतीसारखा आहे. सातव्या अनुसूचीत भूवैज्ञानिक सर्वेक्षण हा विषय केंद्र सूचीतल्या ६८ व्या नोंदीत आहे, तर जमीन आणि पाणी राज्य सूचीत अनुक्रमे १८ व्या आणि १७ व्या नोंदीत. केंद्राकडे १८५१ पासून चालत आलेली संस्था, प्रयोगशाळा आणि नकाशाशास्त्राची परंपरा आहे. राज्याकडे जमिनीवरचा अधिकार, बांधकामाच्या परवानग्या आणि ठेकेदाराचे बिल अडवण्याची ताकद आहे. बोअरच्या नोंदीला दोन्ही लागतात. सर्वेक्षणाकडे नोंद नीट लावण्याचे ज्ञान आहे, पण ती मागण्याचा हक्क नाही, आणि ज्यांना हक्क आहे त्या नगरविकास, सार्वजनिक बांधकाम आणि पालिका यांच्याकडे ती लावायला भूवैज्ञानिक नाहीत.

हे दोघे मिळून काम करू शकतात याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. भूजलाचे मूल्यमापन केंद्रीय भूजल मंडळ आणि पुण्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा संयुक्तपणे करतात. यंत्रणेची माणसे वर्षातून चार वेळा गावोगावच्या निरीक्षण विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजतात, दोन्ही संस्था एकाच ठरलेल्या पद्धतीने हिशोब करतात आणि पाणलोटाची वर्गवारी दोघांच्या संमतीने जाहीर होते. मतभेद होत नाहीत असे नाही, पण आकडा एकच असतो आणि तो कोणालाही पाहता येतो. यंत्रणेची स्थापना १९७२ ची, म्हणजे दुष्काळाच्या वर्षाची. विहिरीच्या पाण्याच्या बाबतीत आपण पन्नास वर्षांपूर्वी जे शिकलो, ते बोअरच्या दगडाच्या बाबतीत करायला आणखी एखाद्या आपत्तीची वाट पाहू नये.

बाहेरच्या देशांत अमेरिकेचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे, कारण तिथेही संघराज्य आहे. तिथे संघाचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८७९ चे, राज्यांची स्वतःची सर्वेक्षणे वेगळी, आणि राज्य भूवैज्ञानिकांची संघटना १९०८ पासूनची. १९९२ मध्ये तिथल्या संसदेने नकाशाकरणाचा कायदा केला. त्याखाली राज्याला मिळणाऱ्या संघाच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने स्वतःचा एक डॉलर घालायचा असतो, आणि कोणत्या भागाचा नकाशा आधी करायचा हे राज्यातली सल्लागार समिती ठरवते. २००५ मध्ये जुने कोअर, नमुने आणि कागदी नोंदी जतन करण्यासाठी राज्यांना संघाकडून मदत देण्याचा वेगळा कार्यक्रम कायद्यानेच सुरू झाला. नेदरलँड्सने तर २०१८ पासून कायदा करून टाकला की सार्वजनिक संस्थेने बोअर घेतला तर त्याची नोंद राष्ट्रीय संग्रहात दिलीच पाहिजे, आणि नवे काम ठरवताना संग्रहातली नोंद पाहिलीच पाहिजे. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसते देण्याचे बंधन असले की लोक कसेतरी भरून देतात, पण उद्या आपल्यालाच ते वापरायचे आहे हे माहीत असले की नीट देतात.

आपल्याकडे पायाभूत तयारी नाही असेही नाही. १९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सुरू झाले. त्याचा भर साहजिकच खनिजशोधावर आहे. मुंबईत लोखंड नाही, मँगनीज नाही, कोळसा नाही, त्यामुळे खनिजाच्या नजरेने पाहिले तर हे शहर नकाशावर कोरेच दिसते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बोअरला जी प्रतिष्ठा आहे, ती दादरच्या बोअरला नाही. पण दीड कोटीच्या आसपास माणसे ज्या दगडावर राहतात, त्या दगडाची माहिती हीसुद्धा राष्ट्रीय संपत्तीच आहे, आणि त्याच भांडारात शहरी बोअरसाठी एक कप्पा उघडायला नवी संस्था लागत नाही.

तीन आक्षेप मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. पहिला गोपनीयतेचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध मोठ्या प्रमाणात सैल केले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आले. संरक्षण खात्याच्या जागा वगळल्या तर पुलाच्या खांबाखालच्या मुरुमात गुपित राखावे असे काही उरत नाही. दुसरा आक्षेप कायदेशीर जबाबदारीचा. जुनी नोंद दाखवून ठेकेदार उद्या वाढीव पैसे मागेल, अशी यंत्रणांना भीती वाटते. ही भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीवर स्पष्ट लिहावे की हे त्या दिवशी त्या जागी दिसलेले निरीक्षण आहे, हमी नाही, आणि नव्या कामासाठी नवी तपासणी करणे बंधनकारक आहे. जुनी नोंद नव्या बोअरची जागा घेत नाही, नवा बोअर कुठे घ्यायचा ते सांगते.

तिसरा आक्षेप नोंदींच्या दर्जाचा आहे आणि त्यावर मी थोडे अधिक लिहितो, कारण त्यात माझ्या व्यवसायातल्या लोकांचाही दोष आहे. अनेक जुन्या नोंदींत १२ मीटरपासून ३० मीटरपर्यंत एकच शब्द सापडतो, 'बेसॉल्ट'. त्यात ब्रेशिया असेल, टफ असेल, पण पाहणाऱ्याने काळा दिसला म्हणून बेसॉल्ट लिहिले. कित्येक अहवालांत बोअरची जागा 'अमुक पंपासमोर' एवढीच आहे, आणि तो पंप आता तिथे नाही. उंचीचा घोळ तर मुंबईचा खास आहे. पालिका उंची टाउन हॉल डेटमवर, म्हणजे आपल्या स्वतःच्या ठरलेल्या संदर्भपातळीवरून, मोजते, इतर यंत्रणा समुद्रसपाटीपासून मोजतात, आणि दोन्हींत २० मीटरहून अधिक फरक आहे. दोन नोंदी शेजारी ठेवल्या आणि कोणता डेटम हे लिहिलेले नसले, तर एकच थर दोन मजल्यांवर असल्यासारखा दिसतो. म्हणून संग्रहात घेताना नोंदीची प्रतवारी करावी लागेल. जागा, उंची आणि वर्णन तिन्ही विश्वासार्ह असलेल्या नोंदी वेगळ्या, एखादी बाजू लंगडी असलेल्या वेगळ्या, आणि फक्त भरावाची जाडी समजण्यापुरत्या उपयोगी पडतील अशा वेगळ्या. हे काम सर्वेक्षणातले आणि संचालनालयातले भूवैज्ञानिक शेजारी बसूनच करू शकतील. एकट्याने केले तर दुसरा त्यावर विश्वास ठेवणार नाही.

मंडळाने नेमके काय करावे, तर येत्या वर्षाच्या कार्यक्रमात मुंबईच्या डोंगरउतारांचे एकास ५ हजार प्रमाणातले संयुक्त सर्वेक्षण घ्यावे. पालिकेच्या विनंतीवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या वस्त्यांची पाहणी पूर्वी केलेली आहे, त्यामुळे सुरुवात शून्यातून होणार नाही. घाटकोपर-विक्रोळी-भांडुपची रांग आधी घ्यावी, चेंबूर त्यानंतर. त्याबरोबरच मंडळाने राज्य शासनाला अशी शिफारस करावी की सार्वजनिक पैशातल्या कोणत्याही भूतांत्रिक तपासणीचे अंतिम बिल, बोअरची नोंद अक्षांश-रेखांश आणि डेटमसह संगणकीय स्वरूपात जमा झाल्याच्या पावतीशिवाय निघू नये. ठेकेदारांशी माझा रोजचा संबंध आहे. परिपत्रकाने जे होत नाही ते बिलाच्या अटीने आठ दिवसांत होते. बांधकाम परवानगीसाठी पालिकेकडे येणाऱ्या खासगी अहवालांचा विचार पुढच्या टप्प्यात करता येईल. आधी सरकारने आपले घर आवरावे.

कोअर सगळे ठेवता येणार नाहीत, हे मलाही कळते. मुंबईत जागा कुठे आहे? पण प्रत्येक मोठ्या बोगद्यामागे दोन-तीन प्रातिनिधिक बोअरच्या पेट्या जतन कराव्यात, बाकीच्यांची चांगली छायाचित्रे घ्यावीत आणि मगच त्या टाकाव्यात. वरळीच्या खोदकामात एकोणिसाव्या शतकात शेलमध्ये बेडकांचे जीवाश्म निघाले, कोणीतरी ते उचलून जाणकारांपर्यंत पोचवले, आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. त्या एका माणसाने दगड भरावात टाकला असता, तर मुंबईत लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याची तळी होती हे समजायला आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे. गेल्या दहा वर्षांत या शहराखालून जेवढा दगड बाहेर आला तेवढा पूर्वी कधी आला नसेल, आणि त्यातला बहुतेक आपण भरावात टाकला.

ठाणे-बोरिवली आणि खाडीखालच्या बोगद्यांचे काम सुरू असतानाच ही व्यवस्था झाली, तर त्यांच्या नोंदी आणि खोदताना बोगद्याच्या तोंडावर दिसणाऱ्या दगडाचे रोजचे नकाशे थेट संग्रहात येतील. बोगद्याला एकदा काँक्रीटचे अस्तर लागले की तो दगड पुन्हा कोणालाही दिसत नाही. म्हणून हा विषय पुढच्या वर्षावर ढकलू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

माझ्याकडे २९ वर्षांच्या ४१ वह्या आहेत. त्यांतली बरीच कामे ज्या यंत्रणांची होती, त्यांनी परवानगी दिली तर त्या वह्या मी विनामूल्य मंडळाच्या स्वाधीन करीन आणि कोणती नोंद कितपत विश्वासार्ह आहे हे सांगायला शेजारी बसेन. आपल्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय आला, तर बैठक नागपूरला असो की आणखी कुठे, मी स्वखर्चाने येईन.

कळावे,

आपला,
मुंबईतील एक अभियांत्रिकी भूवैज्ञानिक
भांडुप, मुंबई